नेस्मिथसरांची शिष्यपरंपरा

सालमियात संध्याकाळी मुलं बास्केटबॉल खेळतात, याचं आपल्याला केवढं कौतुक! पण "मला कोच व्हायचंय" म्हटलं की घर गप्प होतं. अशा पालकांना जेम्स नेस्मिथ माहीत हवा. धर्मशास्त्र शिकलेला हा व्यायामशिक्षक. १८९१ मध्ये त्याने अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला, पुढे वैद्यकीची पदवी घेतली आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात रुजू झाला. तिथे प्रशिक्षक म्हणून ५५ विजय, ६० पराभव. खेळाचा जनकच तोट्यात! पण त्याचा शिष्य फॉग ॲलन, आणि ॲलनचे शिष्य ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ. रपचे विजय ८७६, स्मिथचे ८७९. आपल्याकडे पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका करता येते.