सापळा विकू नका, मोजणी विका



कामगंध सापळा आता कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. शेतकरी तो घेतो, कपाशीत उभा करतो आणि आठवड्याभरात विसरतो. बरोबर? इथेच तुमचा व्यवसाय आहे. सापळा विकणारे भरपूर आहेत, रोज जाऊन मोजणारा कुणी नाही.

आधी सापळा काय करतो ते समजून घ्या. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते, तसाच वास ल्यूरमध्ये भरलेला असतो. नर येतात आणि सापळ्याच्या पिशवीत अडकतात. अंडी घालणारी मादी मात्र शेतातच राहते. म्हणजे एकरी दोन सापळ्यांनी कीड संपत नाही, कीड आल्याचं कळतं. ग्राहकाला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. "सापळा लावा, फवारणी बंद" असं सांगून काम मिळवलंत, तर पुढच्या वर्षी तो शेतकरी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

मग कळण्याला एवढी किंमत का? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशीचं काय केलं, ते आपण पाहिलंय. ही अळी अंड्यातून निघाली की लवकरच फुलात, बोंडात शिरते. एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बोंड बाहेरून चांगलं दिसतं, फोडल्यावर नुकसान कळतं. म्हणून पतंग दिसण्याची वेळ पकडायची.

मोजणी कशी करायची?

१. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर हवा. पीक वाढलं की सापळाही वर सरकवा.

२. ल्यूर गुलाबी बोंडअळीचीच घ्या. प्रत्येक किडीची ल्यूर वेगळी असते. तंबाखू किंवा अत्तर लागलेल्या हाताने ती हाताळू नका.

३. रोज सकाळी पतंग मोजा, वहीत लिहा आणि पिशवी रिकामी करा. रिकामी केली नाही, तर कालचेच पतंग आज पुन्हा मोजले जातील.

४. ल्यूर कधी बदलायची ते पाकिटावर असतं, साधारण तीन-चार आठवडे धरा. जुनी ल्यूर शेतात टाकू नका.

आकडा कधी महत्त्वाचा?

एका सापळ्यात ११ आणि दुसऱ्यात ७ पतंग आले, तर सरासरी ९. सरासरी ८ किंवा जास्त, तीही सलग तीन दिवस राहिली, की आर्थिक नुकसानीची पातळी आली समजा. त्याच दिवशी शेतकऱ्याला फोन करा. सोबत २० हिरवी बोंडं फोडून बघा. २ किडकी निघाली म्हणजे १० टक्के, तीही धोक्याचीच पातळी. डोमकळ्या किती आहेत तेही नोंदवा. कोणतं औषध मारायचं, हे कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून ठरू द्या. औषध विकायला परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नका.

आता हिशोब

समजा २५ शेतकरी, प्रत्येकी २ एकर. म्हणजे ५० एकर आणि १०० सापळे. एका सापळ्याला २ मिनिटं धरली तरी मोजणीलाच २०० मिनिटं, म्हणजे सव्वातीन तासांच्या वर जातात, जाणं-येणं वेगळं. त्यामुळे शेतं शेजारी-शेजारी निवडा. पाच गावांत विखुरलेले ग्राहक घेतले तर नफा पेट्रोलमध्ये जाईल. ऑगस्ट ते डिसेंबर, महिन्याला एक ल्यूर धरली तर ५०० ल्यूर लागतील. आपल्या भागातला ल्यूरचा आणि सापळ्याचा भाव, पेट्रोल आणि स्वतःची रोजची मजुरी मांडा, ५० ने भागा. हा झाला तुमचा एकरी खर्च. त्यावर नफा ठेवा आणि मगच दर सांगा.

पहिल्या हंगामात पाचच शेतकरी घ्या, पण एकही सकाळ चुकवू नका. ज्या दिवशी "दादा, आज फवारणीची गरज नाही" असं तुम्ही आकडा दाखवून सांगाल, त्या दिवशी त्याच्या एका फवारणीचे पैसे वाचतील. सहावा ग्राहक तोच आणून देईल.