वृक्षांवरील गाठींचा शोध आणि ओळख : ओक व काही भारतीय वृक्षांच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्रात तान्ह्या मुलांना देण्यात येणाऱ्या बाळगुटीत मायफळ आणि काकडशिंगी ही दोन द्रव्ये परंपरेने असतात. नावावरून पहिले फळ व दुसरी एखादी शेंग वाटते. वस्तुतः ती फळही नव्हे आणि शेंगही नव्हे. मायफळ ही तुर्कस्तान, सीरिया, इराण या प्रदेशांत वाढणाऱ्या क्वेर्कस इन्फेक्टोरिया या ओक वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर एका सूक्ष्म कीटकामुळे निर्माण होणारी गाठ आहे. काकडशिंगी ही वायव्य हिमालयातील पिस्ताशिया प्रजातीच्या वृक्षावर मावा कीटकामुळे तयार होणारी पोकळ, शिंगासारखी गाठ होय. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या वस्तूंचे मूळ स्वरूप नावाआड झाकले गेल्याचे हे उदाहरण आहे.

अशा गाठींना इंग्रजीत 'गॉल' म्हणतात. महाविद्यालयांच्या आवारातील करंज, सप्तपर्णी, आंबा, उंबर या वृक्षांवरही त्या विपुल आढळतात. परंतु वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्यांना रोग समजतो आणि प्राणिशास्त्राचा विद्यार्थी झाडाकडे पाहत नाही. परिणामी ही रचना दोन्ही विषयांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहते. गाठी कोठे शोधाव्यात, कोणत्या क्रमाने ओळखाव्यात आणि तो क्रम का महत्त्वाचा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गाठ म्हणजे काय ?

दुसऱ्या सजीवाच्या प्रभावामुळे वनस्पतीच्या स्वतःच्या पेशींची जी अनियमित, परंतु ठराविक आकाराची वाढ होते तिला गाठ म्हणतात. गाठ घडते वनस्पतीच्या ऊतींची. तिचा आराखडा मात्र पाहुण्याचा असतो. आतील थर पोषक द्रव्यांनी समृद्ध असतो व त्यावर अळी वाढते. बाहेरील थर बहुधा कठीण व टॅनिनयुक्त असून तो संरक्षण देतो. सूक्ष्म गांधीलमाश्या, मिज माश्या, सायला, मावा, फुलकिडे, एरिओफाइड कोळी, सूत्रकृमी, बुरशी व जिवाणू असे अनेक सजीव गाठी घडवितात.

या ज्ञानाचा इतिहास उद्‌बोधक आहे. कुजलेल्या मांसातून माश्या आपोआप उत्पन्न होत नाहीत, हे १६६८ मध्ये प्रयोगाने दाखविणाऱ्या फ्रान्चेस्को रेडीलाही गाठीतील कीटक वनस्पतीच्याच जीवनशक्तीतून निर्माण होतात असे वाटत होते. १६७९ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी याने गाठींचे सविस्तर वर्णन करून त्यांचे मूळ कीटकाने घातलेल्या अंड्यात आहे, हे दाखवून दिले. वनस्पतीच्या पेशींना नेमकी आज्ञा कशी मिळते, याचा शोध अद्याप सुरू आहे. २०२१ मध्ये विच हेझल या झुडपावर गाठी करणाऱ्या माव्यात, गाठीच्या रंगाशी संबंधित व 'बायसिकल' असे नाव दिलेल्या जनुकांचा समूह उजेडात आला.

ओकवरील गाठी : एक जाती, दोन रूपे

गाठींच्या अभ्यासात ओक वृक्षाचे स्थान अनन्यसाधारण आहे. सिनिपिड कुळातील सुमारे १,००० जातींच्या सूक्ष्म गांधीलमाश्या प्रामुख्याने ओकवर गाठी करतात. महाराष्ट्रात ओक नैसर्गिकरीत्या वाढत नाही. हिमालयात मात्र बांज व त्याच्या अन्य जाती आहेत. ओळखीच्या पद्धतीतील मुख्य अडचण युरोपातील ओकवरील गाठींच्या अभ्यासातून स्पष्ट होते.

न्यूरोटेरस क्वेर्कसबाकारम या जातीचे उदाहरण घेता येईल. शरद ऋतूत ओकच्या पानाखाली तिच्या चपट्या, टिकलीसारख्या गाठी दिसतात. त्या पानगळीच्या सुमारास जमिनीवर पडतात व पालापाचोळ्यात हिवाळा काढतात. वसंतात त्यांतून केवळ माद्या बाहेर पडतात आणि नराशिवाय कळ्यांत अंडी घालतात. त्यांपासून फुलोऱ्यावर व पानांवर गोल, रसाळ, मनुकेएवढ्या गाठी तयार होतात. या दुसऱ्या गाठींतून नर व मादी दोन्ही निघतात आणि त्यांच्या संततीमुळे पुन्हा टिकलीसारख्या गाठी येतात. दोन ऋतूंतील या दोन रूपांत काहीही साम्य नसल्याने अशा कित्येक जोड्यांना पूर्वी दोन स्वतंत्र जाती मानले जात असे. १८८१ मध्ये जर्मन वैद्य हेर्मान आडलर याने संगोपनाचे प्रयोग प्रसिद्ध करून हे पिढ्यांचे आलटूनपालटून येणे सिद्ध केले. तारखेविना केलेली गाठीची नोंद अपुरी का ठरते, ते यावरून ध्यानात यावे.

स्थळाचे महत्त्वही असेच आहे. अँड्रिकस क्वेर्कसकॅलिसिस ही जाती एका पिढीत तुर्की ओकच्या फुलोऱ्यावर व दुसऱ्या पिढीत सामान्य इंग्लिश ओकच्या फळावर गाठी करते. ब्रिटनमध्ये तुर्की ओक अठराव्या शतकात शोभेसाठी लावण्यात आला होता. त्यामुळे १९६० च्या दशकात ही जाती तेथे पोहोचली तेव्हा तिला दोन्ही यजमान वृक्ष तयारच मिळाले.

ओळखीचा क्रम :

१. यजमान वृक्ष : गाठ करणारे बहुतेक सजीव एका जातीशी किंवा निकटच्या काही जातींशीच बांधलेले असतात. वृक्षाचे नाव निश्चित होताच शक्यतांची यादी लहान होते. म्हणून केवळ गाठ न तोडता पाने व शक्य असल्यास फुले असलेली डहाळी जतन करावी.

२. अवयव व स्थान : पान, देठ, कळी, खोड, फूल, फळ की मूळ, पानावर असल्यास वरची बाजू की खालची, शिरेवर की कडेला, याची नोंद करावी.

३. बाह्यरूप : आकार, रंग, लव, कठीणपणा आणि एकेकटी की घोसात, हे नोंदवावे.

४. अंतर्रचना : धारदार पात्याने उभा छेद घ्यावा. एका कप्प्यात एक अळी आहे, अनेक कप्पे आहेत की आत मोकळी पोकळी आहे, हे पाहावे. आत दाट लव व बाहेर उघडणारे बारीक तोंड असल्यास एरिओफाइड कोळ्याचा संशय घ्यावा. हा कोळी कृमीसारखा लांबट, चारच पायांचा व सुमारे ०.२ मिलिमीटर लांबीचा असल्याने साध्या भिंगाखाली सहज दिसत नाही.

५. बाहेर पडण्याची खूण : गांधीलमाशीचे जबडे चावणारे असल्याने ती स्वच्छ गोल छिद्र पाडते. सायला व मावा यांचे मुखावयव शोषणारे असल्याने त्यांना छिद्र पाडता येत नाही. गाठ स्वतः फुटावी किंवा उघडावी लागते. मिज माशीच्या कोषाचे रिकामे कवच अनेकदा गाठीच्या तोंडाशी अडकलेले आढळते.

वनस्पतीच्या स्वाभाविक रचनेला गाठ समजण्याची चूक टाळावी. ऐनाच्या पानामागे मध्यशिरेजवळ ग्रंथी असतात. त्या बहुतेक पानांवर ठराविक जागीच दिसतात. गाठींची संख्या व जागा मात्र पानागणिक बदलते.

परिसरातील काही उदाहरणे :

करंजाच्या पानांवरील लहान पिशव्यांसारख्या गाठी असेरिया पोंगामिए या कोळ्यामुळे होतात. सप्तपर्णीच्या पानांवरील गोल गाठी पॉरोसिला ट्युबरक्युलाटा या सायलामुळे, तर उंबराच्या पानांवरील गाठी त्याच प्रजातीतील दुसऱ्या सायलामुळे येतात. आंब्याच्या पानावरील चामखिळीसारख्या बारीक गाठी प्रोकाँटॅरिनिया प्रजातीच्या मिज माश्यांच्या असतात. ऐन व अर्जुन यांच्या पानांवरील सायलाच्या गाठी टसर रेशीम उद्योगास अपायकारक ठरतात. आग्रा येथील सेंट जॉन्स कॉलेजमध्ये अध्यापन केलेले प्रा. एम. एस. मणी यांचे भारतातील गाठींवरील ग्रंथ या क्षेत्रात आजही आधारभूत मानले जातात.

गाठीतून निघालेला प्रत्येक कीटक तिचा कर्ता नव्हे :

गाठ जाळीदार कापड बांधलेल्या बरणीत ठेवून कीटकांची वाट पाहणे ही संगोपनाची रूढ पद्धत आहे. तिचा निष्कर्ष मात्र सावधपणे काढावा लागतो. तयार गाठीत इतर कीटक बिऱ्हाड करतात, तर काही परोपजीवी कीटक मूळ अळीवरच उपजीविका करतात. ओकच्या गाठींत राहणाऱ्या सिनर्गस प्रजातीच्या माश्या तर सिनिपिड कुळातीलच असल्याने कर्ता व भाडेकरू यांत गफलत होते. बरणीत प्रथम किंवा सर्वाधिक संख्येने दिसणारा कीटक कर्ता असेलच असे नाही. कोवळ्या गाठी छेदून आतील अळी पाहणे आणि निरनिराळ्या वेळी गोळा केलेल्या गाठींची तुलना करणे, हाच त्यावरील उपाय होय.

या सावधगिरीचे व्यावहारिक मोल दोन वृक्षांवरून स्पष्ट होते. मूळची ऑस्ट्रेलियातील लेप्टोसायबी इन्व्हासा ही माशी नीलगिरीच्या मध्यशिरा, देठ व कोवळ्या फांद्यांवर गाठी करते. २००० च्या सुमारास ती मध्यपूर्वेत व त्यानंतर लवकरच दक्षिण भारतात आढळली. तिचे शास्त्रीय नामकरण मात्र २००४ मध्ये झाले. म्हणजेच नाव मिळण्यापूर्वीच ती खंड ओलांडून गेली होती आणि गाठ हाच तिच्या आगमनाचा दृश्य पुरावा होता. तिच्या जैविक नियंत्रणासाठी उपयोगी पडलेल्या परोपजीवी कीटकांत क्वाड्रास्टिकस मेंडेली याचा समावेश होतो. याच क्वाड्रास्टिकस प्रजातीतील एरिथ्रिनी ही जाती पांगाऱ्यावर स्वतः गाठी करून वृक्षाची हानी करते. तिचेही वर्णन २००४ मध्येच झाले आणि २००५ मध्ये ती हवाई बेटांवर पोहोचून तेथील स्थानिक पांगाऱ्यांवर मोठे संकट आले. एकाच प्रजातीतील एक कीटक नीलगिरीवर रक्षक, तर दुसरा पांगाऱ्यावर शत्रू ठरतो. यजमान वृक्ष न नोंदविता केवळ कीटकाची प्रजाती सांगितल्यास रक्षकावरच फवारणी होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

निष्कर्ष :

गाठीची ओळख कीटकापासून नव्हे, तर वृक्षापासून सुरू होते. त्यानंतर अवयव, रूप, अंतर्रचना व ऋतू यांचा विचार येतो आणि बाहेर पडलेला कीटक सर्वांत शेवटी साक्षीला येतो. भिंग, पाते, काही बरण्या व नोंदवही एवढ्याच साधनांनी हा अभ्यास कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात वर्षभर करता येतो. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी एकाच करंजाची किंवा सप्तपर्णीची तारीखवार नोंद संयुक्तपणे ठेवली, तर विद्यार्थ्यांना दोन विषयांतील दुवा प्रत्यक्ष दिसेल आणि परिसरात एखादी अपरिचित गाठ प्रथमच अवतरल्यास तिची दखल घेणारी नजरही तयार असेल.