रक्तातून चढणारी उदासी

मेलानोमा हा त्वचेचा जीवघेणा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर तो परतू नये म्हणून नव्वदच्या दशकात अमेरिकेत रुग्णांना इंटरफेरॉन-अल्फाचे मोठे डोस देत. हे प्रथिन आपलं शरीर स्वतःही बनवतं; बाहेरून भरपूर दिलं की रोगप्रतिकारक यंत्रणा खवळून उठते. आधी ताप आणि अंगदुखी सुरू होई, ते अपेक्षितच होतं. पण काही आठवड्यांत अनेकांना जेवण नकोसं होई, झोप उडे, कशातच मन लागेनासं होई. कर्करोग झाल्यावर माणूस खचणारच, असं म्हणून विषय मिटवणं सोपं होतं.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉमिनिक मुसेलमन, अँड्र्यू मिलर आणि सहकाऱ्यांनी तो मिटू दिला नाही. त्यांनी मेलानोमाचे 40 रुग्ण निवडले. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. 2001 साली निकाल छापून आला. साखरेच्या गोळीवरच्या 45 टक्के रुग्णांना गंभीर नैराश्याने गाठलं होतं. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 11 टक्के होतं. खवळलेली प्रतिकारयंत्रणा मन अंधारून टाकते, हा संशय आता झटकता येण्यासारखा राहिला नाही.

पण ज्याला कुणी इंटरफेरॉन दिलंच नाही, त्याचं काय? 2006 मध्ये एमरीतल्याच संशोधकांनी काही पुरुषांना परीक्षकांपुढे उभं केलं, भाषण करायला लावलं, मोठ्याने वजाबाक्या करायला लावल्या. बालपणी खूप सोसलेल्या, नैराश्यग्रस्त पुरुषांच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 निरोगी पुरुषांपेक्षा जास्त वाढलं. एरवी संसर्ग किंवा जखम झाली की वाढणारं हे दाहकारक प्रथिन! इथे ना जंतू होता ना जखम, होत्या फक्त परक्या माणसांच्या रोखलेल्या नजरा. मला या सगळ्या कथेतला हाच प्रयोग सर्वांत हेलावणारा वाटतो.

मग दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचं हे खवळणं, विझवलं तर उदासी जाईल? नैराश्यावरच्या औषधांना दाद न देणाऱ्या 60 रुग्णांना, संधिवातात वापरतात ते इन्फ्लिक्सिमॅब हे दाह रोखणारं औषध शिरेतून देऊन पाहिलं. 2013 साली प्रसिद्ध झालेला निकाल निराश करणारा होता: एकंदरीत औषधाचा काही फायदा नाही. मात्र ज्यांच्या रक्तात दाहाचा निर्देशक असलेलं सीआरपी मुळातच लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यापैकी 62 टक्क्यांना चांगला उतार पडला, खोट्या औषधावर 33 टक्क्यांना. म्हणजे दाह काहींच्याच नैराश्यात असतो, सगळ्यांच्या नाही. अपयशी प्रयोगाने एवढं शिकवावं, हे क्वचितच घडतं.

एक कोडं उरलंच होतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या तर कडेकोट असतात. मग रक्तातला दाह आत शिरतो कुठून? न्यूयॉर्कच्या माउंट सायनाईमध्ये स्कॉट रुसो यांच्या प्रयोगशाळेत कॅरोलिन मेनार यांनी नर उंदरांना दिवसांमागून दिवस दांडग्या, भांडखोर उंदरापुढे सोडलं. काही तगले, काही कोपऱ्यात आक्रसून बसू लागले. आक्रसलेल्यांच्या मेंदूत, एखादी गोष्ट हवीशी वाटण्याशी निगडित असलेल्या भागात, क्लॉडिन-5 कमी झालं होतं. विटांच्या भिंतीत दर्जा भरतात, तसं हे प्रथिन रक्तवाहिनीच्या पेशींमधल्या फटी बुजवतं. ते घटलं होतं आणि इंटरल्यूकिन-6 आत झिरपत होतं. मग संशोधकांनी तेवढ्याच भागातलं क्लॉडिन-5 मुद्दाम घटवलं. आता एरवी सहज पचला असता एवढासा ताणही उंदरांना झेपेना. नैराश्य असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूतही, त्याच जागी, क्लॉडिन-5 कमी आढळलं.

हे 2017 चं काम फक्त नरांवरचं होतं. नैराश्य स्त्रियांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळतं, तेव्हा माद्यांना वगळून चालणार नव्हतं. मेनार यांनी कॅनडात, क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा थाटून माद्या तपासल्या. 2022 मध्ये उत्तर आलं: ताणाने त्यांच्यातही क्लॉडिन-5 घटतं, पण कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये.