ब्लेचली पार्क : एकट्याची करामत नव्हे

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं ब्रिटनचं मुख्य केंद्र म्हणजे ब्लेचली पार्क. युद्धाच्या अखेरीस तिथे जवळपास दहा हजार माणसं राबत होती आणि त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. १९७० च्या दशकापर्यंत हे काम गुप्तच राहिलं. त्यामुळे त्याभोवती बऱ्याच समजुती चिकटल्या.

गैरसमज : जर्मनीच्या एनिग्मा या सांकेतिक संदेशांच्या यंत्राचं कोडं एकट्या गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने सोडवलं.

वस्तुस्थिती : पहिलं खिंडार पोलंडने पाडलं. मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ मध्येच यंत्राच्या आतल्या जोडण्या शोधल्या होत्या. जुलै १९३९ मध्ये पोलिश तज्ज्ञांनी ही सारी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केली. पुढे ट्युरिंगने एनिग्माचे संदेश फोडायला मदत करणाऱ्या ‘बाँब’ या यंत्राचा आराखडा केला. त्याचा सहकारी गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेने ते कितीतरी वेगवान झालं.

गैरसमज : हे काम फक्त गणितज्ञांचं होतं.

वस्तुस्थिती : डिली नॉक्स हा प्राचीन ग्रीक हस्तलिखितांचा अभ्यासक. नॉक्सच्या हाताखालची मेव्हिस लीव्हर ही जर्मन साहित्याची विद्यार्थिनी, वय अवघं एकोणीस. एनिग्मावरून धाडलेल्या एका लांबलचक इटालियन संदेशात एल हे अक्षर कुठेच नाही, हे तिच्या नजरेने टिपलं. एनिग्मा कोणतंही अक्षर त्याच अक्षरात बदलत नसे. म्हणजे कोण्या आळशी ऑपरेटरने चाचणीसाठी नुसतं एलच दाबत ठेवलं होतं! त्या एका धाग्यावरून यंत्राची रचना हाती आली. मार्च १९४१ मधल्या मातापानच्या नाविक लढाईपूर्वी इटलीचा बेत कळला, तोही याच गटामुळे.

गैरसमज : वेगवेगळी माणसं जमवली की नवं आपोआप सुचतं.

वस्तुस्थिती : सुचलेलं कुणी ऐकूनही घ्यावं लागतं. टॉमी फ्लॉवर्स हा पोस्ट खात्यातला इंजिनिअर. लॉरेन्झ या दुसऱ्या जर्मन यंत्राचे संदेश फोडायला त्याने दीड हजारांहून जास्त इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हचं यंत्र सुचवलं, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. इतके व्हॉल्व्ह टिकणारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण सतत चालू ठेवले तर ते सहसा जळत नाहीत, हे फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून ठाऊक होतं. त्याने पदरमोड करून काम रेटलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याचं हे यंत्र, ‘कोलॉसस’, कामाला लागलं.

गैरसमज : सूर जुळलेला गटच सरस काम करतो.

वस्तुस्थिती : इथे ब्लेचलीबाहेरचा एक प्रयोग पाहू. अमेरिकेत कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या गटांना एका काल्पनिक प्रकरणातला खुनी ओळखायला सांगितलं होतं. एकाच विद्यार्थी-क्लबच्या तिघांमध्ये चौथा भिडू कधी त्यांच्यातलाच, तर कधी परक्या क्लबचा येई. परका असलेल्या गटांनी खुनी जास्त वेळा अचूक ओळखला. आपल्या उत्तराची खात्री मात्र त्यांनाच कमी होती, आणि चर्चाही नीट झाली नाही असं त्यांना वाटत होतं. तेव्हा बैठक गुण्यागोविंदाने पार पडली, एवढ्यावरून निर्णय चांगला झाला असं मानायला आधार नाही.