घरची हळद : गुण किती, भरवसा किती



तोडणी सुरू झाली की कोयता कधी ना कधी बोटाला लागतोच. बांधावरून लगेच कोणीतरी म्हणते, ‘हळद दाब न बाप्पा, काई नाई होत!’ हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा ठाऊक नसला तर जिवावर बेतते, म्हणून हे चार शब्द.

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे असतो त्यास कुर्कुमिन म्हणतात. ते सूज उतरविते व काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. बडनेऱ्याहून रेल्वेने वर्धा गाठले की त्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुका लागतो. तेथील वायगावची हळद या द्रव्यासाठी नावाजलेली असून तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट घेतले. म्हणजे आपल्या आजीचा इलाज त्यांच्या मालकीचा! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. परंतु त्यातून एवढेच ठरले की हा उपाय नवा नाही. प्रत्येक जखम हळदीने बरी होते, असे काही ठरले नाही.

तेव्हा आम्ही सुचवितो ते असे :

१) नुसते खरचटले असेल तर आधी साबण व स्वच्छ पाण्याने धुवावे. हळद लावायचीच तर ती नंतर.

२) घाव खोल असल्यास हळद मुळीच भरू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणखतात असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ते वाढतात. हळद त्यांना अडवीत नाही. स्वच्छ कापडाने घाव दाबून धरावा व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांविषयी विचारावे. मुकादमांनी टोळीजवळ साबण, पाणी व पट्टी ठेवावी.

३) बाळाच्या नाळेला हळद लावू नये. नाळ कोरडी ठेवावी.

४) खोकल्यात हळद-दुधाने घशाला आराम पडतो. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून साईचे दूध बरे. मिऱ्याची चिमूट टाकल्यास ते अंगी अधिक लागते. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मात्र थुंकी तपासून घ्यावी.

५) हळदीच्या अर्काच्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत. काहींच्या यकृतास त्यांनी अपाय झालेला आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

६) फार चकचकीत हळकुंडाला भुलू नये. रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी शिसेयुक्त पिवळा रंग चोळतात, आणि शिसे लेकरांच्या मेंदूला बाधते. हळकुंड पाण्यात टाकताच भडक रंग सुटला तर ते घेऊ नये.

हळद घरात असावीच. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊन दवाखान्याची वाट चुकवू नये, एवढीच आमची विनंती.