कामगारांच्या पोटातून जन्मलेला पक्ष

पॅरिसपासून सुमारे 17,000 किलोमीटरवर, प्रशांत महासागरात, न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातला द्वीपसमूह आहे. 1853 साली फ्रान्सने तो बळकावला. जमिनीखाली निकेलचे प्रचंड साठे, आणि मूळचे कनाक लोक 2019च्या जनगणनेत अवघे 41 टक्के. स्वातंत्र्य मागणारे पक्ष इथे बरेच आहेत. 2007 साली स्थापन झालेला मजूर पक्ष मात्र वेगळा, कारण तो थेट कामगार संघटनेने काढला.

ती संघटना म्हणजे यूएसटीकेई, कनाक कामगारांची आणि शोषितांची संघटना. 1981मध्ये ती उभी राहिली आणि तिची घोषणा होती : कारखाने आणि वस्त्या, लढा एकच. बंदर, विमानतळ, वाहतूक अशा नाड्या तिच्या हाती होत्या. 1984मध्ये एफएलएनकेएस या स्वातंत्र्य आघाडीच्या स्थापनेत ती होती. 1989मध्ये बाहेर पडली. तिचे संस्थापक लुई कोत्रा उरेगेई हेच पुढे मजूर पक्षाचे नेते झाले.

संघटनेच्या लढ्यांची किंमतही मोठी होती. 2009मध्ये स्थानिक विमान कंपनीतला वाद राजधानी नुमेआच्या माजेंता विमानतळापर्यंत पेटला आणि संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जेरार जोदार यांना तुरुंगवास झाला. बाहेरून येणाऱ्यांऐवजी स्थानिकांना नोकरीत प्राधान्य, ही मागणी संघटनेने लावून धरली होती. त्यासाठीचा कायदा 2010मध्ये झाला. नोकरी कुणाला मिळते यावरच स्वराज्याचा कस लागतो, हे इतर पक्षांपेक्षा या मंडळींनी अधिक स्पष्टपणे ओळखले, असे मला वाटते.

मतपेटीत मात्र पक्ष लहानच राहिला. 2019मध्ये 54 जागांच्या प्रादेशिक विधिमंडळात त्याची एकच जागा आली, उरेगेईंची.

2018च्या स्वातंत्र्याबाबतच्या सार्वमतावर पक्षाने बहिष्कार पुकारला, पण सुमारे 81 टक्के मतदान झाले आणि स्वातंत्र्याच्या बाजूने 43.3 टक्के मते पडली. तो बहिष्कार चुकला, हे आकडेच सांगतात. 2020मध्ये पक्ष ‘हो’च्या प्रचारात उतरला, ‘हो’ 46.7 टक्क्यांवर गेले. 2021चे सार्वमत करोनाच्या शोककाळात झाले. तेव्हा सगळ्याच स्वातंत्र्यवाद्यांनी पाठ फिरवली आणि मतदान 44 टक्क्यांच्या आत राहिले.

2024च्या मे महिन्यात मतदार यादीतील बदलांवरून दंगली उसळल्या. त्याच वर्षी उत्तरेतला कोनियाम्बो निकेल कारखाना थांबला आणि सुमारे 1,200 कामगारांची नोकरी गेली. ‘कारखाने आणि वस्त्या’ म्हणणाऱ्या चळवळीपुढे आता बेकार झालेल्या हातांना काम मिळवून देण्याचाही प्रश्न आहे.