ल्युपस : हा आळस नव्हे, आजार आहे

सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत. नळावरून हंडा उचलवत नाही. भाकरी थापताना मनगटातून कळ येते. उन्हातून आले की गाल लाल होतात, अंगात कणकण येते. घरचे मात्र म्हणतात, "दिसायला तर धडधाकट आहेस, मग कामाला काय होते?" वस्तीत फिरताना आम्ही हे बोलणे अनेकदा ऐकतो. अशा तक्रारी आठवडेच्या आठवडे राहिल्या, तर त्यामागे ल्युपस असू शकतो.

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. ल्युपसमध्ये ती चुकून आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडावर हल्ला करते. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन कामाच्या वयात, 15 ते 45 वर्षांच्या दरम्यान होतो. तो शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. नजर लागल्यानेही होत नाही; म्हणून अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नये.

या आजारातला थकवा झोप काढून जात नाही. तो बाहेरून दिसतही नाही. आज बाई धुणे धुते, उद्या तिला केस विंचरायला हात वर नेता येत नाही. म्हणून तिला कामचुकार ठरवू नका.

पुढील लक्षणांकडे लक्ष द्या : नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा, तोंडात वारंवार फोड, केस गळणे, कारण न कळणारा ताप, पायांवर सूज, लघवीला फेस. शेवटची दोन लक्षणे मूत्रपिंडाला इजा झाल्याची असू शकतात. तेव्हा थांबू नका. सरकारी रुग्णालयात रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. एएनए ही रक्ताची तपासणी लागेल का आणि संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचे का, हे तेथे विचारा.

उपचारात बहुधा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी असते. ती मलेरियाच्या औषधांतली आहे, म्हणून "मला कुठे मलेरिया आहे?" असे म्हणत काहीजणी ती सोडतात. तसे करू नका. ही गोळी आजार आटोक्यात ठेवते. मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावेत. स्टिरॉइडची गोळी तर बरे वाटले तरी एकदम बंद करू नये, जिवावर बेतू शकते. मूल हवे असेल तर आजार किमान सहा महिने शांत असावा. आधी डॉक्टरांशी बोला.

घरच्यांनी काय करावे? पाणी भरणे, धुणे ही जड कामे वाटून घ्यावीत. स्वयंपाक बसून करू द्यावा. उन्हात जाताना छत्री, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. त्रास कमी असेल त्या दिवशी थोडे चालणे चांगले. त्याने थकवा हलका होतो.

ल्युपस आज मुळापासून बरा होत नाही. पण वेळेवर निदान, नियमित गोळी आणि घरच्यांचा हात असला, तर अनेकजणी कामावर जातात, मुले वाढवतात. गोळी डॉक्टर देतील. हात आपणच द्यायचा आहे.